हक्कसोडपत्रावरची सही

स्त्रीमुक्ती हा शब्द आपल्याकडे अजूनही शहरी समजला जातो. मुंबई-पुण्याच्या सभागृहांतून आणि आठ मार्चच्या भाषणांतून तो कानी येतो, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील सुशिक्षित माणूस मनाशी म्हणतो की, आमच्याकडील बायका पिढ्यानपिढ्या पुरुषांच्या बरोबरीने शेतात राबतातच. त्यांना हा बाहेरून आणलेला विचार कशाला हवा? या समजुतीत दोन चुका आहेत. पहिली ही की, हा विचार बाहेरून आलेला नाही. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध करणाऱ्या ताराबाई शिंदे याच वऱ्हाडातील बुलढाण्याच्या होत्या. दुसरी चूक अधिक मोठी आहे. बरोबरीने राबणे आणि बरोबरीचे असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. या दोहोंमधील अंतर कोठे आहे, हे पाहण्यासाठी परिसंवादास जाण्याचे कारण नाही. ते आपल्या घरात, चुलीपाशी आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दिसते.

कळंब तालुक्यातील एखाद्या खेड्यातून रोज एस.टी.ने यवतमाळच्या महाविद्यालयात येणारी बावीस-तेवीस वर्षांची एक तरुणी डोळ्यांपुढे आणावी. अशी तरुणी शोधत फिरावे लागत नाही. कोणत्याही सकाळी ती बसथांब्यावर उभी असते. अर्थशास्त्र घेऊन ती पदव्युत्तर वर्गात शिकते. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. घरी माय, थोरला भाऊ, वहिनी आणि सहा एकर कोरडवाहू वावर. त्यात पऱ्हाटी आणि तूर. दिवाळी झाल्यावर भावाने तिच्यापुढे एक कागद ठेवला. ते हक्कसोडपत्र होते. भाऊ दुष्ट नव्हता. बहिणीच्या शिक्षणाचा खर्च तोच करीत होता, तिचे लग्नही तोच करून देणार होता. बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडावयाचा, ही रीत आहे, म्हणून त्याने कागद आणला. तिने केवळ एवढेच विचारले, "माही सही कायले पायजे, दादा?" या एका प्रश्नाने घरात आठ दिवस अबोला पडला.

प्रश्न साधा होता. परंतु तो विचारल्यावर त्या तरुणीला घरातील इतरही अनेक गोष्टी दिसू लागल्या, ज्या त्यापूर्वी रोज समोर असूनही दिसत नव्हत्या. विचार बहुधा असाच सुरू होतो. एखादा मोठा सिद्धांत वाचून नव्हे, तर एखाद्या लहानशा जागी पाय अडखळला म्हणजे.

चुलीपाशीचा हिशेब

तिने प्रथम मायचा दिवस मोजला. पहाटे पाचला उठून सडा-सारवण, पाणी, स्वयंपाक. नऊच्या सुमारास वावरात. सायंकाळी परत येताना डोक्यावर जळण. पुन्हा स्वयंपाक, भांडी, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले स्वतःच्या ताटात. भावाचा दिवसही सुखाचा नव्हता. वखरणी, डवरणी, फवारणी ही सारी अंगमेहनतीची आणि जिवावरची कामे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, हे कोणी विसरू शकणार नाही. तथापि भावाचे काम वावरातून घरी आल्यावर संपत होते आणि मायचे काम तेथून पुन्हा सुरू होत होते. हा फरक एका घरापुरता नव्हता.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामात भाग घेणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते आणि पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय अशा कामात कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्याऐंशी होत्या. पुरुष केवळ सव्वीस. पुढे २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा स्त्रीची मिनिटे २८९ आणि पुरुषाची ८८ भरली. म्हणजे पाच वर्षांत बाईचे ओझे दहा मिनिटांनी हलके झाले. परंतु ते पुरुषाने उचलले म्हणून नव्हे, कारण त्याचाही वाटा नऊ मिनिटांनी घटलाच. घरात गॅस आला, नळ आला, मिक्सर आला. घरातील कामाची वाटणी मात्र होती तेथेच राहिली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला यातील आणखी एक विसंगती खटकल्यावाचून राहत नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर स्वयंपाक तोच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण पगार बंद होतो. वर्गात हे उदाहरण गमतीचे म्हणून सांगितले जाते आणि विद्यार्थी हसतात. मायचे पाच तास ज्या हिशेबात कोठेही येत नाहीत, त्या हिशेबाची ही गंमत आहे, हे ध्यानी आले म्हणजे हसू मावळते.

नोंद कोणाची?

जे काम मोजले जात नाही, ते करणाऱ्याची नोंदही होत नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पवनारनजीक दत्तपूर येथे जीवन संपविले. राज्यातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून त्या घटनेचा उल्लेख होतो आणि त्या दिवशी आजही अनेक जण अन्नत्याग करतात. ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री सहा जीव गेले होते. पत्नी मालती आणि चार मुले त्यांत होती. बोलण्यात मात्र ती घटना एका शेतकऱ्याची आत्महत्या म्हणूनच राहिली. मालतीबाईही त्याच शेताच्या संसारात होत्या. पण शेतकरी या शब्दात आपण बाईला सहसा धरीतच नाही.

ही केवळ भाषेची सवय नव्हे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास होते. पेरणी, निंदण, वेचणी या कामांत तर बाईवाचून पान हलत नाही. कापसाच्या वेचणीस प्रारंभ करताना विदर्भात सीतादहीची पूजा होते, ती पूजा बाईच्या हातून. पुढे दोन-तीन महिने बोंडे वेचतात तीही तिचीच बोटे. परंतु गाडी भरून बाजारात गेली की कापूस पुरुषाचा होतो. पट्टी त्याच्या नावे निघते, कारण सातबारा त्याच्या नावे असतो. पीककर्ज, नुकसानभरपाई, अनुदान हे सारे त्या एका नावाच्या मागे चालते. नवरा गेल्यावर त्या बाईपुढे जो अंधार पसरतो, तो केवळ दुःखाचा नसतो, कागदांचाही असतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४० टक्के जणींच्या नावे, त्या स्वतः कसत असलेली जमीन झालेली नव्हती.

यवतमाळकरांनी ही बाई व्यासपीठावर पाहिली आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने मोठे वादळ उठले, आणि अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, अंगणवाडीत मदतनीस, 'तेरवं' या नाटकात काम करणाऱ्या. संमेलनाध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. त्या दिवशी मंडपात ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांनी मनापासूनच वाजविल्या असतील. परंतु टाळ्या वाजवून घरी गेलेल्या किती जणांनी आपल्या घरच्या उताऱ्यावर आईचे वा बहिणीचे नाव आहे किंवा नाही हे पाहिले? यवतमाळ-वाशीम मतदारसंघाने २००९ ते २०२४ अशी पंधरा वर्षे एका स्त्रीला लोकसभेत पाठविले. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा राज्याने २०११ पासून स्त्रियांस राखून ठेवल्या. बाईला मत देण्यास आपण कचरत नाही. वाटा देण्याची वेळ आली की कचरतो.

कायदा आणि रीत

कायदा याबाबतीत आता संदिग्ध राहिलेला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मृताची पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांना एका पंक्तीस बसविले होते. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीलाही तो हक्क दिला, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध निर्वाळा दिला की, मुलीचा हक्क जन्माने येतो. २००५ साली वडील हयात असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा त्या सहा एकरांत मायचा, भावाचा आणि त्या तरुणीचा प्रत्येकी तिसरा हिस्सा आहे. तो कोणी दान म्हणून द्यावयाचा नाही. तो आहेच.

मग हक्कसोडपत्र कशासाठी? हक्क आहे, म्हणूनच तो सोडून घ्यावा लागतो. बहिणीचा वाटा नसता, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिला अंगठ्याला शाई लावून उभे करण्याचे कारणच नव्हते. एका अर्थाने प्रत्येक हक्कसोडपत्र ही स्त्रीच्या हक्काची नोंदणीकृत कबुली असते.

येथे असा प्रश्न येतो की, शिकलेल्या मुलीही सही का करतात? अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. स्त्री सही करते ती हिशेब करून. सासरी मारहाण झाली, नवरा वारला, बाळंतपण आले, तर परत जाण्यास एकच दार असते, ते माहेरचे. ते दार भाऊ-भावजयीच्या हाती असते. जमिनीचा वाटा मागितला तर ते दार बंद होईल, ही भीती खोटी नाही. म्हणजे बहीण आपल्या हिश्शाची जमीन देऊन संकटकाळच्या आसऱ्याचे वचन विकत घेते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा विम्याचा हप्ता झाला. फरक इतकाच की, हप्ता एकदम आणि संपूर्ण भरावयाचा, आणि विम्याचा करार मात्र तोंडी. राखी आणि साडीचोळी वर्षानुवर्षे पोहोचते, हे खरे. परंतु ज्या दिवशी खरोखर आसऱ्याची गरज पडते, त्या दिवशी किती दारे उघडतात, हे प्रत्येकाने आपल्या आप्तांत पाहावे.

उलट जमीन वा घर स्वतःच्या नावे असले, तर काय होते? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा व बीना अग्रवाल या अर्थशास्त्रज्ञांनी विवाहित स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नावे काहीच मालमत्ता नव्हती, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. सातबाऱ्यावरील नाव म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हे. जिला जाण्यास जागा आहे, तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो.

भावाची बाजू

भावाच्या बाजूने जे बोलले जाते, त्यात तथ्य नाही असे नाही. सहा एकर कोरडवाहूत एक संसार चालत नाही. त्याचे तुकडे केले तर कोणाचाच चालणार नाही. बहिणीच्या लग्नास खर्च येतो, तो कर्ज काढून भाऊच करतो. म्हाताऱ्या आईला सांभाळतोही तोच. या तिन्ही गोष्टींचा विचार व्हावयास हवा.

तुकड्यांचा मुद्दा प्रथम घेऊ. उताऱ्यावर नाव लागणे म्हणजे बांध घालणे नव्हे. जमीन एकत्र राहून भाऊ ती कसू शकतो आणि बहिणीच्या हिश्शाबद्दल ठरेल ते देऊ शकतो; आपल्याकडे मक्त्या-बटईने शेती करण्याची पद्धत कोणाला अपरिचित आहे? शिवाय दोन भाऊ वाटणी मागतात, तेव्हा तुकड्यांची आठवण कोणाला होत नाही. याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, बहिणीला वाटा न देणाऱ्या त्या भावाची बायकोही कोणाची तरी बहीण असते आणि तीही आपला वाटा माहेरी सोडून आलेली असते. सर्वच बहिणींनी वाटा घेतला, तर घरातून जेवढे जाईल, साधारणतः तेवढेच सुनेच्या हाताने घरात येईल. गावे वेगळी असतील, व्यवस्था लावावी लागेल. पण एकंदर समाजाच्या हिशेबात कोणाचे घर बुडणार नाही. बदलेल ते एवढेच की, प्रत्येक घरात थोडी जमीन बाईच्या नावे असेल. या बदलाचीच आपल्याला अडचण वाटते की काय, हा प्रामाणिकपणे विचारण्याचा प्रश्न आहे.

लग्नाच्या खर्चाचेही तसेच. तो बहिणीचा वाटा होता असे म्हणावयाचे, तर तो तिच्या हाती पडावयास हवा होता. हुंडा आणि मानपान सासरच्यांच्या घरी जाते, जेवणावळ गाव जेवते, आणि कर्ज भावाच्या डोक्यावर बसते. या व्यवहारात भाऊही लुबाडला जातो आणि बहीणही रिकाम्या हातीच राहते. एकरभर जमीन तिच्या नावे ठेवून लग्न साधेपणाने केले, तर दोघांचेही कल्याण आहे. आईच्या सांभाळाबाबत म्हणावयाचे, तर आईचा तिसरा हिस्सा आईच्या नावे राहिला, तर तिला कोणी सांभाळण्यापेक्षा तीच घर सांभाळील.

ओवाळणी आणि वाटा

सरकारही अलीकडे बहिणीला विसरलेले नाही. मार्च २०२३ पासून राज्याने स्त्रियांना एस.टी.चे तिकीट निम्मे केले, आणि जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत पात्र स्त्रियांस दरमहा १५०० रुपये देण्यास प्रारंभ केला. ज्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणून रुपया नव्हता, तिला या रकमेचे मोल किती, हे शहरात बसून ठरविता येणार नाही. परंतु ओवाळणी आणि वाटा यांत भेद आहे. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वाट्याला मर्जी लागत नाही. राज्य भाऊ होऊन ओवाळणी घालीत असताना घरोघरचे भाऊ हक्कसोडपत्रे लिहून घेत राहिले, तर बहिणीची एकूण स्थिती फारशी पालटणार नाही.

शिवाय काही बहिणींना या कायद्याची सावलीही मिळालेली नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या भागांतील गोंड, कोलाम, परधान घरांतील मुलींचा हक्क रूढीवर अवलंबून राहतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारला या प्रश्नाचा विचार करण्यास सुचविले, आणि जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात समतेच्या तत्त्वावर स्त्रीच्या वारसांना वाटा दिला. परंतु दाव्याने मिळणारा हक्क किती जणींच्या आवाक्यातला?

असे काही घडूच शकत नाही, असेही नाही. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले, आणि पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. शेतकऱ्याने आपल्या हयातीत, आपल्या हाताने, जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करून द्यावा. हे उपकार नसून जुन्या ऋणाची फेड आहे, असा तिचा आशय होता. गावोगावच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ते केले. त्यांनी कोणतेही पुस्तक वाचले नव्हते. आज उच्च शिक्षण घेतलेले शिक्षक, कारकून आणि अधिकारी आपल्या बहिणींकडून सह्या घेतात, तेव्हा त्यांनी त्या शेतकऱ्यांची आठवण ठेवावी.

त्या तरुणीचे पुढे काय झाले? अबोल्याच्या आठव्या दिवशी मायने तोंड उघडले. वीस वर्षांपूर्वी आपणही आपल्या भावाच्या कागदावर अंगठा उठविला होता, एवढेच ती म्हणाली, आणि भाकरी थापू लागली. भावाने तो कागद ट्रंकेत ठेवून दिला. फाडला नाही. ज्याला गाव अजूनही तलाठीच म्हणते, त्याच्याकडे वारसाची नोंद करावयास तिघे एकाच दिवशी गेले आणि फेरफारात तिघांची नावे लागली. वावर भाऊच कसतो. तिने वाटणी मागितली नाही. सही मात्र केली नाही. येत्या वर्षी तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होईल, तेव्हा ट्रंकेतला तो कागद पुन्हा बाहेर येईल, हे ती जाणून आहे. वहिनीने मात्र त्यानंतर एके दिवशी भांडी घासताना हळूच तिला विचारले की, आपल्या माहेरच्या वावरात आपलाही हिस्सा असेल काय?